आधी गुरगुर, मग धक्का

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी हादरले. तीव्रता ४.५. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का. अशा वेळी लोक हमखास सांगतात, 'आधी जमिनीतून गुरगुर आली, मग भांडी वाजली.' हा भास नसतो.

भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन. पहिली खडकाला दाबत-ताणत पुढे जाते, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर. दुसरी खडकाला आडवी हलवते. तिचा वेग साधारण ३.५ किलोमीटर, पण घरे पाडते ती हीच. किल्लारी ते लोहा सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटर. म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी निघालेली पहिली लाट लोह्याला १९ सेकंदांत पोचली असणार, दुसरी ३३ सेकंदांत. मधल्या सेकंदांना आठाने गुणा, केंद्राचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १४ गुणिले ८, ११२. भूकंपमापन केंद्रातही हिशेब याच तत्त्वावर होतो.

आता ती गुरगुर. शाळेतले सूत्र आठवते का? वेग बरोबर वारंवारिता गुणिले तरंगलांबी. परीक्षेपुरते पाठ केलेले हे सूत्र इथे उपयोगी पडते. वेग ठरवते माध्यम. वारंवारिता, म्हणजे सेकंदाला किती कंपने, ती ठरते लाट जिथून निघाली तिथे. समजा पहिल्या लाटेत सेकंदाला ५० कंपने आहेत. खडकात तिची लांबी १२० मीटर. तीच लाट जमिनीतून हवेत शिरली की वेग सेकंदाला ३४० मीटरवर येतो, लांबी जेमतेम ७ मीटर उरते. कंपने मात्र ५०च. कान कंपनेच ओळखतो, म्हणून आवाज येतो. २० पेक्षा कमी कंपने माणसाला ऐकू येत नाहीत, ती फक्त जाणवतात.

आपल्या काळ्या जमिनीत हेच गणित जरा महागात पडते. सेकंदाला ५ कंपनांची दुसरी लाट खडकात ७०० मीटर लांब असते. जाड, भुसभुशीत मातीच्या थरात वेग २०० मीटरपर्यंत घसरला, तर लांबी ४० मीटर होते. मागून येणारी ऊर्जा कमी जागेत दाटते आणि हेलकावा मोठा होतो. एकाच गावात खडकावरचे घर थोडे हलते, मळीच्या जमिनीवरचे जास्त, ते यामुळे. किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली ती मात्र मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे जड माळवद कोसळून.

गुरगुर ऐकताच काय करायचे? दगडमातीच्या घरात दाराजवळ असाल तर लगेच मोकळ्यात या. पक्क्या घरात असाल तर मजबूत टेबलाखाली, डोके झाकून. केंद्र ६० किलोमीटरवर असेल तर हातात सात-आठ सेकंद असतात. गावाखालीच असेल, तर एक-दोन.