जुलाब लागले तर पाणी तोडू नका, मोजून पाजा

पावसाळा आला की वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ ठरलेली. नळाची पाईप गटारातून गेलेली असते, पाणी गढूळ येते, आणि सगळ्यात आधी आजारी पडतात ती लहान लेकरे.

मी वॉर्डात नर्स होते तेव्हाची एक आई अजून डोळ्यांसमोर आहे. मांडीवर आठ महिन्यांचे बाळ. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडताना डोळ्यांत टिपूस नाही. "पाणी पाजलं का?" विचारले तर म्हणाली, "नाही ओ सिस्टर, पाजलं की लगेच संडास होते, म्हणून कालपासून बंदच केलंय." बाळ सलाईनवर वाचले. पण चूक त्या आईची नव्हती. आधीच्या दवाखान्यात तिला औषधाची बाटली मिळाली होती, पाण्याबद्दल कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

मायबहिणींनो, जुलाबात जीव जातो तो बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि मीठ संपल्यामुळे. ते भरून काढायचे कसे? नुसते पाणी पुरत नाही, कारण मीठही गेलेले असते. आपल्या आतड्यात मीठ आणि साखर यांच्यासाठी एक जोडीचे दार आहे. मिठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज तिथून हातात हात घालून आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी जाते. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली हे मांडले. कॉलऱ्यातही हे दार चालू राहते.

पण प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट माणसांपर्यंत पोहोचली तरच कामाची. यालाच उपयोजित विज्ञान म्हणतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे, कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, त्या पाण्यात विरघळवल्या आणि पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण तोंडाने पाणी घेणाऱ्यांत ४ टक्क्यांच्या खाली आले. सुई नाही, मशीन नाही. आज आपण ज्याला ओआरएस म्हणतो ते हेच. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातले खरे औषध म्हणजे माप. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर लहान बाळाला धोका होतो. म्हणून हे पाळा:

• एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धे पाकीट पेल्यात, असे नको.
• पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ.
• दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा.
• अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका.
• उरलेले पाणी २४ तासांनी फेकून द्या.

दुकानातली फळांच्या चवीची गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

आशाताईंकडे आणि सरकारी आरोग्य केंद्रात पाकीट मोफत मिळते. सोबत झिंकच्या गोळ्या मागा. त्या १४ दिवस द्यायच्या, जुलाब थांबले तरी. बाळ सुस्त पडले, पाणी पिईना, संडासात रक्त आले, पोटाच्या कातडीचा चिमटा सोडल्यावर ती हळू सरळ झाली, तर वाट पाहू नका. रस्त्यात पाणी पाजत पाजत दवाखाना गाठा.

या आठवड्यात दोन पाकिटे आणून घरात ठेवा, आणि शेजारच्या सुनेलाही माप दाखवा. तिच्या घरात तान्हे बाळ असेल तर आजच.