उघडली नाही, तरी वाचली

विट्याच्या एका फोटोग्राफर वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. मिनी-डीव्ही कॅसेटवरची जुनी लग्नं कॉम्प्युटरवर उतरवून देण्यासाठी त्यांनी विंडोज एक्सपीचं एक म्हातारं मशीन राखून ठेवलंय. कॅसेट उतरत असताना लाइट गेली. (यूपीएसची बॅटरी केव्हाच बसलेली. सातारा-सांगलीकरांना हे नवीन नाही.) आता ती अर्धवट एव्हीआय फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तो उघडला की मशीन गोठतं. डिलीट करू म्हटलं तर उत्तर येतं, फाइल वापरात आहे. ‘मी ती उघडलेलीच नाही, मग वापरतंय कोण?’ असं ते विचारतात.

वापरतोय विंडोज एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम. व्हिडिओची लांबी, चित्राचा आकार दाखवायची त्याला फार हौस. एव्हीआयची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते आणि ती रेकॉर्डिंग संपल्यावरच लिहिली जाते. लाइट आधीच गेल्यामुळे ती लिहिलीच गेली नाही. एक्सप्लोरर मात्र ती शोधत काही जीबींची फाइल टोकापर्यंत चाळत बसतो, आणि तोवर कुणाला हात लावू देत नाही. बिघडलेली फाइल स्वतः काहीच करत नसते. कोसळतो तो तिला वाचणारा.

हा वाचणारा कुठे बसलाय, त्यावर नुकसान ठरतं. एक्सप्लोरर पडला तर डेस्कटॉप जातो, विंडोज तगून राहतं. १९ जुलै २०२४ ला वाचणारा थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसला होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. कंपनीच्या प्रोग्रॅमकडे २० नोंदी आल्या होत्या, नव्या फाइलमुळे तो एकविसावी वाचायला गेला आणि हद्दीबाहेरच्या मेमरीत शिरला. कर्नलमध्ये अशी चूक झाली की विंडोज स्वतःच थांबतं, निळा पडदा येतो. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन पडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. सुमारे सव्वा तासात कंपनीने फाइल मागे घेतली, पण जे मशीन सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? शेवटी असंख्य मशीनसमोर माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल डिलीट करावी लागली. सेफ मोडच का, तर तिथे तिला वाचणारा जागा नसतो.

विट्यातही हीच युक्ती चालेल. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा, मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करा. डेस्कटॉप नाहीसा होईल, घाबरू नका. काळी खिडकी राहते. तिथून त्या फोल्डरमध्ये जा, पण ‘डेल’ लिहू नका. ‘रेन’ कमांडने नाव बदला आणि शेवटचं एव्हीआय काढून तिथे बॅक (bak) लिहा. कुठली फाइल कुणी वाचायची हे एक्सप्लोरर त्या शेपटावरून ठरवतो, त्यामुळे आता तो तिच्या वाटेला जाणार नाही. मग टास्क मॅनेजरमधूनच एक्सप्लोरर पुन्हा सुरू करा. लाइट गेल्याने डिस्कच्या नोंदीही बिघडल्या असतील, म्हणून चेकडिस्क एकदा चालवाच.

कॅसेट शाबूत असेल तर पुन्हा उतरवणं सोपं. ती प्लेअरमध्ये अडकून चुरगळली असेल, तर व्हर्च्युअलडबसारखा प्रोग्रॅम अनुक्रमणिका नव्याने बांधू पाहतो. म्हणून फाइल डिलीट करायची घाई नको.