मुलांच्या मनाचें दुखणें व गांवाचा आधार

पीक पिवळें पडूं लागलें म्हणजे जाणता शेतकरी पिकास दोष देत नाहीं. तो पान उलटून पाहतो, रोप उपटून मूळ पाहतो, पाणी सांचतें कीं काय, जमिनीस कशाची उणीव आहे, याचा शोध घेतो. परंतु त्याच घरांतील दहा-बारा वर्षांचें मूल एकाएकीं अबोल झालें, शाळेस जाईनासें झालें किंवा क्षुल्लक कारणावरून चवताळूं लागलें, तर ‘हट्टी आहे’, ‘आळशी आहे’ किंवा ‘कांहीं बाहेरचें झालें आहे’ असें म्हणून आपण मोकळे होतों. शरीराप्रमाणें मनही आजारी पडतें, व मुलांचेंही पडतें. त्याचीं कारणें पुष्कळदां घरांत व परिस्थितींत असतात, आणि त्यावरील पहिला उपाय गांवांतच होऊं शकतो, हें आमच्या वाचकांपुढें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे.

दुखण्याचें मान.—बंगळूर येथील निम्हान्स या संस्थेनें सन २०१५-१६ मध्यें केलेल्या राष्ट्रीय पाहणींत १३ ते १७ वर्षांच्या दर शंभर मुलांपैकीं सुमारें सातांस मानसिक विकार आढळला. या मानानें चाळीस मुलांच्या एका वर्गांत अशीं दोन-तीन मुलें निघतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें एकंदर मनोविकारांपैकीं निम्म्यांचा आरंभ चौदाव्या वर्षाच्या आंत होतो. तण कोवळें असतां खुरपणी केली तर श्रम थोडे लागतात. तोच न्याय येथें आहे.

लक्षणें.—मूल ‘माझें मन दुखतें’ असें सांगत नाहीं. त्याचें पोट किंवा डोकें वारंवार दुखतें, आणि तपासणींत कांहींच निघत नाहीं. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, सोबती नकोसे होतात, अंथरूण ओलें करण्याची सुटलेली संवय पुन्हां जडते, अभ्यासांत पुढें असणारें मूल मागें पडतें. कांहीं मुलें चिडतात, मारामाऱ्या करतात; कांहीं अगदीं गप्प होतात, आणि गप्प मूल कोणास त्रास देत नाहीं म्हणून त्याच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. यांतील एखादें चिन्ह दोन-चार दिवस दिसलें म्हणून घाबरूं नये. परंतु दोन आठवड्यांहून अधिक टिकलें व नित्याच्या खेळण्या-शिकण्यांत अडथळा येऊं लागला, तर उपेक्षाही करूं नये.

घराचा संबंध.—पाऊस चुकला, भाव पडला, कर्जाचा तगादा लागला, बाप दारूकडे वळला, तर घरांत कोणी कांहीं न बोलतांही मुलास सर्व कळतें. ज्या घरांत कर्त्या पुरुषानें जीव दिला, तेथील मुलांवर तर दुहेरी घाला पडतो : एक बाप गेल्याचें दुःख, आणि दुसरी ‘माझ्या फीमुळें, माझ्या हट्टामुळें तर असें झालें नसेल ना?’ ही मनांत दडलेली शंका. वडील माणसें मुलांपुढें तो विषयच काढीत नाहींत, त्यामुळें शंका आंतल्या आंत वाढते. मुलास त्याच्या वयास समजेल अशा शब्दांत खरें सांगावें, आणि यांत त्याचा कांहीं दोष नाहीं हें पुनःपुन्हां सांगावें.

आईच्या मनाचा परिणाम तर तान्ह्या बाळापर्यंत पोंचतो. पाकिस्तानांतील रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत झालेला एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला आहे. गरोदरपणीं उदासीनतेच्या विकारानें ग्रासलेल्या स्त्रियांच्या घरीं तेथील आरोग्यसेविकांनीं थोडें शिक्षण घेऊन नेमानें भेटी दिल्या व त्यांचें मन वळविलें. बाळ सहा महिन्यांचें झालें तेव्हां अशा स्त्रियांपैकीं शेंकडा २३ जणींत विकार उरला होता. ज्यांच्याकडे केवळ साध्या भेटी झाल्या त्यांच्यांत तो शेंकडा ५३ जणींत होता. पहिल्या स्त्रियांच्या बाळांस जुलाबही कमी झाले आणि लसी अधिक टोंचल्या गेल्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

गांवांतील आधार.—आपल्याकडे अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ या नांवाचा उपक्रम झाला व त्याचें फळ २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. गांवच्या कार्यकर्त्यांनीं लोकांत मिसळून या दुखण्याविषयीं बोलावें, शिकविलेल्या समुपदेशकानें पीडिताचें म्हणणें ऐकून अडचणींतून वाट काढण्यास मदत करावी, आणि ज्यास गरज असेल त्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें, अशी त्याची रचना होती. आरंभीं उदासीनतेनें पीडित प्रौढांपैकीं शेंकडा चारच मदत घेत होते. अठरा महिन्यांनीं हें प्रमाण शेंकडा २७ झालें. उपक्रम प्रौढांकरितां होता खरा. परंतु आई-बाप सांवरले तर मुलांचेंही हित होतें, हें वरील उदाहरणावरून उघड आहे.

शाळेच्या बाबतींत बिहारांतील नालंदा जिल्ह्याचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील सरकारी माध्यमिक शाळांत मुलांच्या मनःस्वास्थ्याचा एकच कार्यक्रम कांहीं ठिकाणीं शिक्षकांकडे व कांहीं ठिकाणीं याच कामासाठीं शिकवून नेमलेल्या समुपदेशकांकडे सोंपविला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें समुपदेशकांच्या शाळांत मुलांची उदासीनता व एकमेकांस छळणें कमी झालें. शिक्षकांच्या शाळांत तसा फरक पडला नाहीं. शिक्षकांवर आधींच पुष्कळ भार असतो. हें काम करण्यास स्वतंत्र माणूस हवा. तो मोठा पदवीधर नसला तरी चालतो, परंतु शिकविलेला व कामावर देखरेख असलेला पाहिजे.

डॉक्टर केव्हां?—सरकारचीं मोठीं मनोरुग्णालयें महाराष्ट्रांत ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी अशीं चारच ठिकाणीं आहेत. १९९६ सालीं देशांत सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळें आतां जिल्हा रुग्णालयांतही ही सोय मिळते. मूल नसलेले आवाज ऐकूं लागलें, त्यास झटके येऊं लागले, त्यानें खाणें-पिणें टाकलें किंवा मरणाची भाषा काढली, तर विलंब न करतां तेथें न्यावें. मरणाविषयीं विचारल्यानें तो विचार मुलाच्या डोक्यांत शिरतो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणें विचारावें, ऐकून घ्यावें व त्यास एकटें सोडूं नये. असा प्रसंग घडलाच तर पोलिसांच्या भीतीनें लपवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें अशी व्यक्ति तीव्र तणावाखालीं होती असें गृहीत धरून तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. उलट, भूत काढण्याच्या नांवाखालीं बांधणें-मारणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे.

आपलें कर्तव्य.—खालील गोष्टींस फारसा खर्च नाहीं. निश्चय मात्र पाहिजे.

(१) आशा सेविका, अंगणवाडी सेविका, शाळेचे मुख्याध्यापक व सोसायटीचे पंच यांनीं महिन्यांतून एकदां बसून कोणत्या घरावर संकट आहे याचा विचार करावा. तेथें बोललेलें चावडीवर जाऊं देऊं नये; एकदां विश्वास उडाला कीं कोणी दार उघडणार नाहीं.

(२) ज्या घरांत मृत्यु झाला तेथें तेरावा झाल्यावरही कोणीतरी नेमानें जात असावें. दुःखाचा खरा भार पाहुणे परतल्यावर पडतो. एका पालकाच्या मुलांस सरकारच्या बाल संगोपन योजनेंतून मदत मिळूं शकते. तिचा अर्ज भरून देणें हाही आधारच होय.

(३) पिकावरील विषारी औषधें घरांत माजघरीं किंवा उघड्या फळीवर ठेवूं नयेत. तामिळनाडूंत कांहीं गांवांत औषधांसाठीं सामायिक कोठार करून प्रत्येकास कुलुपाचा कप्पा देण्याचा प्रयोग झाला आहे. आपल्या सोसायट्यांच्या गोदामांत हें सहज होण्याजोगें आहे.

(४) १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केला आहे. तो रात्रंदिवस व विनामूल्य चालतो. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक शाळेच्या, दवाखान्याच्या व सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे.

(५) घरांत रोज थोडा वेळ मुलाजवळ बसून, उपदेश न करतां, त्याचें बोलणें ऐकावें. यास कोणाची मंजुरी लागत नाहीं.

शेजाऱ्याच्या विहिरींत बैल पडला तर सारा गांव दोर घेऊन धांवतो. मालक कोणत्या जातीचा, त्याच्यावर कर्ज किती, हें कोणी विचारीत नाहीं. मूल मनानें खचलें असतांही तसेंच धांवून जाण्याचा परिपाठ पडावा. यंदाच्या वार्षिक सभेंत पीककर्जाबरोबर हाही विषय आमच्या सभासद बंधूंनीं चर्चेस घ्यावा व निदान पहिलें व चौथें कलम लगेच अमलांत आणावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.