हिरो लीगमध्ये गेला, आता कॉलेजच्या संघाचं काय?

सरोजिनी नगरच्या बाजारात रविवारी गेला असाल, तर कुर्ते आणि जीन्सच्या ढिगांशेजारी टांगलेल्या जर्सी तुम्ही पाहिल्या असतील. पाठीवर मोठमोठ्या खेळाडूंची नावं असतात. मुलं हट्ट करतात, आई घासाघीस करते आणि शेवटी एक जर्सी पिशवीत पडतेच. पण टीव्हीवर दिसण्याआधी या खेळाडूंनी कोणती जर्सी घातली होती, असा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

ती जर्सी कुठल्या तरी शाळेची, कॉलेजची किंवा छोट्या क्लबची असते. तिथूनच खेळाडू उचलले जातात. मुलगा लीगमध्ये निवडला गेला की घरी पेढे वाटतात, कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला मात्र उरलेली मुलं येतात. स्ट्रायकर गेला, गोलकीपर गेला आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा तोंडावर आलेली! अशा वेळी कोचने काय करायचं? निवड न झालेल्या मुलांनी काय करायचं? आणि निवड झालेला मुलगा तुमच्या घरातला असेल, तर तुम्ही काय करायचं?

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय?

आपल्याला लिलाव माहीत आहे. आयपीएल किंवा प्रो कबड्डीमध्ये जो संघ जास्त बोली लावतो, त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात. अमेरिकेत तर आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला साधारणपणे पहिली संधी मिळते. हेतू असा, की दुबळ्या संघालाही चांगला खेळाडू मिळावा.

अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट १९३६ पासून चालू आहे. आपण पायाने खेळतो तो फुटबॉल वेगळा आणि लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा हा खेळ वेगळा. तिथे शाळा संपल्यावर किमान तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये येता येत नाही. ही वर्षं बहुतेक जण कॉलेजच्या संघात काढतात. म्हणजे कॉलेजने घडवायचं आणि व्यावसायिक संघाने न्यायचं. त्याबद्दल व्यावसायिक संघ कॉलेजला पैसेही देत नाही.

दोन कॉलेजं, दोन शेवट

तिथली दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली की बरंच काही कळतं.

लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय विजेता झाला. पूर्ण हंगामात १५ सामने, १५ विजय. एप्रिलमध्ये ड्राफ्ट झाला आणि या एका कॉलेजचे १४ खेळाडू निवडले गेले. संघाचा कणा असलेला जो बरो तर पहिल्याच क्रमांकावर गेला. दोन महत्त्वाचे प्रशिक्षकही दुसरीकडे निघून गेले. पुढच्या हंगामात हाच संघ ५ सामने जिंकला आणि ५ हरला. ते कोरोनाचं वर्ष होतं, काही खेळाडूंनी स्वतःहून माघार घेतली होती, हेही खरं. तरी इतक्या उंचीवरून इतकं खाली येणं सगळ्यांना चटका लावून गेलं.

आता दुसरं कॉलेज. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाचा संघ जानेवारी २०२२ मध्ये विजेता झाला. त्यांचे तर १५ खेळाडू ड्राफ्टमध्ये गेले. बचावफळीतले पाच जण पहिल्याच फेरीत निवडले गेले. आता हा संघही कोसळणार, असं कुणालाही वाटलं असतं. पण पुढच्या हंगामात जॉर्जियाने एकही सामना गमावला नाही आणि जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला ६५-७ असं हरवलं.

हे कसं जमलं? एक म्हणजे मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट तिथेच राहिले. दुसरं म्हणजे आदल्या वर्षीच बाकावरच्या मुलांना सामन्यांत भरपूर वेळ मिळाला होता. आणि स्टेट्सन बेनेट नावाचा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळी चाल ज्याच्या हातातून सुरू होते तो खेळाडू, कॉलेजमध्येच थांबला होता. हा मुलगा सुरुवातीला शिष्यवृत्तीशिवाय संघात आला होता. मध्ये एका छोट्या कॉलेजात जाऊन तो पुन्हा परतला. ज्याच्याकडे आधी फारसं कुणाचं लक्ष नव्हतं, त्यानेच दोन्ही विजेतेपदांत संघ पुढे नेला.

आपल्याकडचं ऐझॉल

आपल्याकडे कॉलेजमधून थेट ड्राफ्टमध्ये जाण्याची पद्धत नाही. पण छोट्या संघातले खेळाडू ड्राफ्टमध्ये निघून गेले की काय होतं, हे आपण २०१७ मध्ये पाहिलं आहे.

मिझोरमच्या ऐझॉल फुटबॉल क्लबची ही गोष्ट. २०१६ मध्ये हा क्लब आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. मुंबईत प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या खालिद जमील यांनी संघ हाती घेतला. ज्यांना इतरांनी फारसं विचारलं नव्हतं, असे खेळाडू त्यांनी गोळा केले. त्यात मुंबईचा जयेश राणे होता, गोव्याचा गोलकीपर अल्बिनो गोम्स होता आणि अर्थातच मिझोरमची मुलं होती. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने आय-लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा त्यांचा फक्त एक गुण जास्त होता. ईशान्येकडच्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला. जयेश राणे कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. अल्बिनो गोम्स आपल्या दिल्लीत, दिल्ली डायनामोजकडे आला. खालिद जमील यांना ईस्ट बंगालने बोलावून घेतलं. सीरियाचा मिडफिल्डर महमूद अल-आमनाही तिकडेच गेला. विजेत्या संघातली किती तरी मंडळी अशी पांगली. पुढच्या वर्षी आय-लीग मिनर्व्हा पंजाबने जिंकली.

यात खेळाडूंचं काही चुकलं का? मुळीच नाही. खेळाडूचं करिअर छोटं असतं. आज मोठ्या क्लबचं बोलावणं आलं आणि उद्या गुडघा दुखावला, तर ते पुन्हा येईलच असं नाही. खालिद जमील यांचंच पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ऐझॉलमधलं ते एक वर्ष नसतं, तर ही वाट त्यांना इतकी सोपी गेली असती का?

दिल्लीच्या क्लबनेही असा निरोप दिला आहे. इथल्या सिटी क्लबकडून खेळणारा एक मुलगा २००२ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी, कोलकात्याला मोहन बागानमध्ये गेला. तो मुलगा म्हणजे सुनील छेत्री. सिटी क्लबने त्याला अडवून ठेवलं असतं तर? या विचारानेच आपल्याला कसंसं होतं!

घराजवळच मिळालेलं उत्तर

सरोजिनी नगरहून मेट्रोने आयएनए हे पुढचंच स्टेशन. तिथे त्यागराज स्टेडियम आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रो कबड्डीच्या बाराव्या हंगामाचा अंतिम सामना तिथेच झाला. समोरासमोर होते दबंग दिल्ली आणि पुणेरी पलटण. दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांची त्या रात्री चांगलीच पंचाईत झाली असणार. टाळ्या वाजवायच्या तरी कुणासाठी?

दिल्लीचा लाडका चढाईपटू नवीन कुमार २०१८ पासून या संघाचा चेहरा होता. बाराव्या हंगामाच्या लिलावात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला. तरीही कर्णधार आशू मलिकच्या दिल्लीने अंतिम सामना ३१-२८ असा जिंकला. समोरच्या पुण्याच्या संघात अस्लम इनामदारसारखे खेळाडू होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या मुलाला पलटणने नवखा असताना घेतलं, खेळवलं आणि पुढे कर्णधार केलं. म्हणजे एका संघाने गेलेल्या खेळाडूची जागा भरून दाखवली आणि दुसऱ्याने पुढची पिढी घरातच तयार केली. तेच दोन संघ अंतिम सामन्यात पोचले. यात कॉलेजच्या संघांनाही शिकण्यासारखं आहे.

कॉलेजच्या संघाने काय करावं?

कॉलेजचा संघ तर दर तीन-चार वर्षांनी बदलणारच असतो. लीगने नेलं नाही, तर परीक्षा संपल्यावर मुलं जातातच. पूर्वी महाराष्ट्रात चांगला कबड्डीपटू कॉलेजात असतानाच रेल्वे, बँक किंवा पेट्रोलियम कंपनीच्या संघात नोकरीला लागायचा. खेळाडू जाणं नवीन नाही. फक्त आता ते लवकर आणि एकदम घडतं. म्हणून तयारीही आधीच हवी.

• प्रत्येक जागेसाठी दुसरा खेळाडू तयार ठेवा. सामना हातात आला की शेवटची १५-२० मिनिटं बाकावरच्या मुलांना उतरवा. फक्त सरावात पळणारा मुलगा मोठ्या सामन्यात घाबरतो.

• पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियर्सच्या बरोबरीने सराव द्या. नुसते चेंडू गोळा करायला ठेवू नका.

• सगळी चाल एकाच स्टारभोवती रचू नका. तो नसताना कसं खेळायचं, याचाही आठवड्यातून एकदा सराव करा.

• गेलेल्या खेळाडूशी नातं तोडू नका. सुट्टीत आला की एक दिवस मैदानावर बोलवा. त्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुलं विसरत नाहीत.

आणखी एक मुद्दा पैशांचा. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे रक्कम मोजून बदली झाली, तर त्यातले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. त्यासाठी खेळाडू कधी, कुठल्या क्लबमध्ये होता याची नोंद लागते. आपल्याकडच्या छोट्या क्लबांनी आणि अकादमींनी खेळाडूंची नोंदणी आणि कागद नीट जपले, तर पुढे कधी तरी त्याचा उपयोग होऊ शकतो.

निवड तुमच्या मुलाची झाली असेल तर?

आनंद साजरा करा, पण सही करण्याआधी पाच गोष्टी विचारा.

१. करार किती काळाचा आहे? फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील फुटबॉलपटूशी तीन वर्षांपेक्षा जास्त काळाचा व्यावसायिक करार करता येत नाही. कराराचा कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा.

२. दुखापत झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार आणि त्या काळात पगार चालू राहणार का? हे तोंडी नको, लेखी हवं.

३. पैसे किती महिने मिळणार? प्रो कबड्डीचा बारावा हंगाम साधारण दोन महिन्यांत संपला. वर्षाचे उरलेले महिने मुलगा काय करणार, याचा हिशोब आधीच मांडा.

४. ट्रायलसाठी पैसे मागणारा कुणी भेटला का? ‘थोडे पैसे द्या, निवड पक्की’ असं कुणी म्हणालं, की तिथूनच परत फिरा.

५. शिक्षणाचं काय? कॉलेज गुपचूप सोडू नका. आधी प्राचार्य आणि क्रीडा शिक्षकांशी बोला. दिल्ली विद्यापीठाच्या २०२२ पासूनच्या अभ्यासक्रमात मध्येच थांबून पुन्हा येण्याची सोय आहे आणि पदवी सात वर्षांत पूर्ण करता येते. इग्नूची बीएची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. मराठीतून शिकायचं असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. पदवी अर्धवट ठेवून गेलेल्या मुलाला परतायचा रस्ता माहीत असला, तर दुखापतीच्या दिवसांतही त्याचा धीर सुटत नाही.

आणि निवड झाली नाही त्याला?

या सगळ्यात सर्वांत गप्प असतो, तो निवड न झालेला मुलगा. दोघे एकाच वयाचे, एकाच मैदानावर वाढलेले. मित्राचा फोटो पेपरात येतो आणि हा घरी येऊन न बोलता जेवतो. अशा वेळी ‘बघ, तो कुठे पोचला’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. ‘खेळ सोड आता, अभ्यासाला लाग’ हेही लगेच नको. दोन दिवस जाऊ द्या. मग त्याला विचारा, आता संघात तुझी जागा कोणती?

कारण खरी संधी आता त्याचीच आहे. स्टार असताना त्याला शेवटची दहा मिनिटं मिळायची. आता पूर्ण सामना त्याचा आहे. पुढच्या वेळी कॉलेजचा सामना असेल, तेव्हा सुट्टी काढून तासभर मैदानावर जाऊन बसा. नवीन मुलांची नावं विचारून घ्या आणि त्या नावांनी त्यांना हाका मारा. पुढच्या वर्षी बाजारातल्या जर्सीवर त्यातलं एखादं नाव दिसलं नाही तरी चालेल. आपलं नाव घेऊन कुणी तरी टाळ्या वाजवतंय, हे त्या मुलांना ऐकू आलं पाहिजे.