घर, गल्ली आणि आपली पावले

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. तिथला टोलनाका आता बहुतेकांना ठाऊक आहे. माझी खाला याच गावात राहते. गेल्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेले, तेव्हा तिच्या हातात तपासणीचा कागद होता. साखर वाढली होती आणि गुडघे तर आधीपासूनच दुखत होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी सांगितले, "रोज अर्धा तास चालत जा." खालाने घरी येऊन मला विचारले, "चलने कू जगा कां है, बेटा?"

मी उत्तर द्यायला गेले आणि गप्प बसले. दारात अरुंद गल्ली, गल्लीत दोन्ही बाजूंना उभ्या मोटारसायकली. त्यापुढे चौपदरी महामार्ग आणि त्यावरून धडधडत जाणारे ट्रक. घरात नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे. स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत मोजून दहा पावले. खालाची तरुणपणातली सकाळ विहिरीवरून पाणी आणण्यात, जात्यावर दळण्यात आणि माळवदावर वाळवण घालण्यात जाई. ते कष्ट संपले हे चांगलेच झाले, ते पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण कष्टांबरोबर शरीराची हालचालही संपली आणि तिची जागा कशानेच भरून काढली नाही.

याच रस्त्याने कोजागरीला लाखो भाविक सोलापूरकडून तुळजापूरला पायी जातात. त्या रात्री रस्ता माणसांचा असतो. वर्षाच्या बाकीच्या दिवसांत मात्र एखाद्या वयस्क बाईने त्याच रस्त्याच्या कडेने चालायचे म्हटले, तर घरचेच तिला अडवतात. आणि त्यांचे चूकही नसते.

आळस की अडचण?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शाळकरी मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल यापेक्षा कमी होती. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अहवालाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली.

या आकड्यांवर आपण चटकन म्हणतो, लोक आळशी झाले. पण स्त्री आणि पुरुष यांच्यातील फरक आळसाने कसा समजावणार? पुरुष चौकात जातो, बाजारात जातो, मशिदीत जातो. बाईचे जग घराच्या भिंतींपाशी संपते. तिच्यासाठी घराची आणि गल्लीची रचना हीच व्यायामाची सोय किंवा गैरसोय ठरते.

रचनेचा परिणाम किती होतो, हे लंडनच्या बसगाड्यांनी दाखवून दिले. डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. हा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढत-उतरत असे. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हता. त्याच्या कामाच्या जागेतच जिना होता.

मशिदीकडे जाणारी पावले

आपल्या परंपरेला चालण्याचे मोल नवे नाही. मदिनेत बनू सलिमा हे कुळ मस्जिद-ए-नबवीपासून दूर राहत असे. मशिदीजवळच्या जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा त्यांनी तिथे राहायला यायचे ठरवले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना आहे तिथेच राहायला सांगितले, कारण त्यांची पावले लिहिली जात आहेत. पैगंबर (स.) स्वतः शनिवारी कुबा मशिदीत जात, कधी पायी तर कधी वाहनावर. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर त्यांनी धावण्याची शर्यत लावल्याचेही हदीसमध्ये आहे. बाईमाणसाने काय धावायचे, असे म्हणणाऱ्यांनी ते आठवावे.

रस्त्याबद्दलची शिकवणही तितकीच स्पष्ट आहे. वाटेतली त्रास देणारी वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग मानला आहे. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर सात हात रस्ता सोडावा, असा निवाडा हदीसमध्ये नोंदलेला आहे. आता आपल्या मोहल्ल्यात पाहू. घर बांधताना पायऱ्या गल्लीत येतात, मग गाडी चढवायला सिमेंटचा उतार येतो, मग पाण्याची टाकी. प्रत्येकाने एकेक हात घेतला की सात हातांतले तीनही उरत नाहीत. दवाखान्याच्या बिलाचा हिशेब करताना हा हिशेबही करायला हवा.

किल्लारीने शिकवलेला धडा

रुंद रस्ता दिला की लोक चालू लागतील, असेही नाही. याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक घरे देण्यात आली. त्यांनी माणसांना सुरक्षित छप्पर दिले, हे ऋण मोठे आहे.

मात्र अनेक नवी गावे शहरातल्या कॉलनीसारखी चौकोनी आखली गेली. सरळ रुंद रस्ते, एकमेकांपासून दूर घरे, जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा. या गावांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले की लोकांना जुन्या गल्लीची, वाड्याच्या चौकाची आणि शेजाराची उणीव भासत राहिली. पुढे अनेकांनी स्वतःच भिंती घातल्या, पडव्या काढल्या.

यातून चालण्याचे एक साधे सूत्र हाती येते. पावले नुसत्या मोकळ्या जागेमुळे पडत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हात सावली नसलेल्या रस्त्यावर कोण चालेल? वाटेत टेकायला ओटा हवा, चार ओळखीची दारे हवीत, जायला काहीतरी कारण हवे. जुन्या गल्लीत हे सारे होते, पण घर धोक्याचे होते. नव्या गावात घर पक्के झाले, पण हे बरेचसे हरवले. आता बांधणाऱ्यांना दोन्ही एकत्र आणता येईल.

शहरे हे शिकू लागली आहेत. न्यूयॉर्कने २०१० मध्ये हालचालीला पोषक अशा इमारतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात जिना दर्शनी आणि उजेडात ठेवण्यावर भर आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी धोरण स्वीकारले. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाके आणि मुलांची खेळणी आली, तेव्हा म्हातारी माणसे तिथे येऊन बसू लागली.

घर बांधताना

गावात नवे घर बांधताना आपण फरशीचा रंग आठ दिवस निवडतो आणि जिना मिस्त्रीवर सोडून देतो. मग तो अंधाऱ्या कोपऱ्यात, शिडीसारखा उभा होतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरात पायरीची उंची १९ सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि पाऊल टेकण्याची रुंदी २५ सेंटीमीटरपेक्षा कमी नसावी. मिस्त्रीला हे दोन आकडे आधीच सांगावेत. एका बाजूला धरायला कठडा आणि वर खिडकी किंवा दिवा असला, की दुखऱ्या गुडघ्यांनाही जिना परका वाटत नाही.

गच्चीला छातीइतकी उंच भिंत घातली की पडदाही राहतो आणि मुले पडण्याची भीतीही कमी होते. मग फजरनंतर किंवा असरनंतर घरातल्या बायकांना तिथे मोकळेपणाने फेऱ्या मारता येतात. शक्य असेल तर दाराशी एक झाड आणि बसायला ओटा ठेवावा, मात्र आपल्या हद्दीत. हालचाल सलग अर्धा तासच व्हायला हवी, असेही नाही. दिवसभरातली थोडी थोडी हालचालही मोजली जाते, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगत आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि खिशात खडीसाखर ठेवावी.

गल्लीसाठी, गावासाठी

घराबाहेरच्या गोष्टी एकट्याने होत नाहीत. त्यासाठी ग्रामसभा आहे आणि महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. तिथे जाऊन आपण मागावे तरी काय? शाळेचे मैदान संध्याकाळी दोन तास उघडे ठेवावे. त्यात एक तास फक्त बायका-मुलींसाठी असावा. कब्रस्तानाच्या किंवा शेताच्या वाटेला दोन्ही बाजूंनी कडुलिंब लावावेत. गल्लीत दिवे असावेत. महामार्ग ओलांडायला सुरक्षित जागा असावी. यातल्या अर्ध्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, मागणारी माणसे लागतात. आणि यातली एकही गोष्ट फक्त आपल्या मोहल्ल्याची नाही. शेजारच्या आळीतल्या आजीचेही गुडघे तसेच दुखतात.

खालाचा प्रश्न मी तिच्या शेजारणींपुढे मांडला, तेव्हा कळले की तिघींना तेच औषध चालू आहे आणि तिघींना डॉक्टरांनी तेच सांगितले आहे. आता चौघी मिळून असरनंतर शेताकडच्या वाटेने जातात. पहिल्या दिवशी लोकांनी वळून पाहिले, आठव्या दिवशी कुणी पाहिले नाही. पावसात वाट चिखलाची होते आणि चालणे बंद पडते. म्हणून त्या वाटेवर मुरूम टाकावा, असा अर्ज त्यांनी लिहिला आहे. खालाला लिहिता येत नाही, तिने अंगठा दिला.

मुरूम कधी पडेल, ते पाहू. तोवर आपल्या दाराची पायरी गल्लीत किती पुढे आली आहे, हे मोजायला तर कुणाची परवानगी लागत नाही.