बीपीसी-१५७ : दुखऱ्या गुडघ्याचे इंजेक्शन घेण्यापूर्वी

शनिवारी क्रिकेट वा बॅडमिंटन खेळून खांदा-गुडघा धरून बसणाऱ्या आपल्या मंडळींत हल्ली एका इंजेक्शनची चर्चा ऐकू येते. त्याचे नाव बीपीसी-१५७. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; परंतु 'याचे टेस्टिंग झाले आहे का?' हे आधी विचारण्याची सवय या व्यवसायाने लावली आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. बीपीसी-१५७ मध्ये अशी १५ आम्ले असतात. त्यावरचे बरेचसे संशोधन क्रोएशियातील झाग्रेब येथे झाले. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये टेंडन, स्नायू व आतड्याच्या जखमा लवकर भरल्याचे आढळले. माणसांवरील अभ्यास मात्र मोजके आणि अगदी थोड्या रुग्णांवरचे आहेत. नव्या रक्तवाहिन्या तयार होण्यास हे पेप्टाइड मदत करते असे दिसते. जखमेला ते हितकारक. पण शरीरात लपलेली कर्करोगाची गाठ असेल तर? हा धोका सिद्ध झालेला नाही, तसाच खोटाही ठरलेला नाही.

अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने कोणत्याही आजारासाठी त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. २०२३ साली या संस्थेने शरीराची प्रतिकारक प्रतिक्रिया, अशुद्धता आणि अपुरी माहिती ही कारणे देऊन त्याच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदवल्या. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे 'वाडा'ने, २०२२ पासून ते निषिद्ध ठरवले. स्पर्धांत उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

याउलट उदाहरण बेकाप्लर्मिन या जेलचे. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांसाठी त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. कर्करोगाच्या शंकेमुळे २००८ मध्ये त्यावर कडक इशारा छापला गेला व पुढील माहिती तपासून २०१८ मध्ये तो काढला. 'फक्त संशोधनासाठी' असे लिहिलेल्या बाटलीवर अशी नजर कोण ठेवणार? आत नेमके काय, किती आणि निर्जंतुक आहे का, याची हमी नसते.

खर्चाचेही पाहा. मान्यता नसलेल्या औषधाचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही. फिजिओथेरपीचे बहुधा देते. तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांना विचारा : दुखण्याचे नेमके निदान काय? मान्यताप्राप्त उपाय करून झाले का? काही बिघडल्यास जबाबदार कोण? आणि असे इंजेक्शन आधीच घेत असाल, तर तेही त्यांना न लपवता सांगा.