इंग्रजीची अनेक रूपे आणि अध्ययनकर्त्याची भाषादृष्टी

इंग्रजी ही एक भाषा आहे की अनेक इंग्रजींचा समुच्चय, हा प्रश्न भाषावैज्ञानिकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गांभीर्याने विचारात घेतला. तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. या रूपांपैकी अमुक एक रूप ‘शुद्ध’ व बाकीची ‘बिघडलेली’, असे शिकणाऱ्यास का वाटते? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन करावयाचे आहे.

श्रीनगर येथे जन्मलेले भाषावैज्ञानिक ब्रज काचरू (१९३२–२०१६) यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या प्रसाराची तीन वर्तुळांची मांडणी केली. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया हे देश अंतर्वर्तुळात येतात. भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे, वसाहतकाळात इंग्रजी ही शासनाची व शिक्षणाची भाषा झालेले देश बहिर्वर्तुळात येतात. तर चीन, जपान यांसारखे, इंग्रजी परभाषा म्हणून शिकणारे देश विस्तारशील वर्तुळात. या मांडणीचा गाभा भूगोल हा नसून प्रमाण ठरविण्याचा अधिकार हा आहे. पहिले वर्तुळ प्रमाण पुरवते, दुसरे स्वतःचे प्रमाण घडवू लागते आणि तिसरे पहिल्यावर विसंबून राहते. बहिर्वर्तुळातील रूपांना अध्यापनाचा आदर्श मानण्यास रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९० मध्ये ‘इंग्लिश टुडे’ या नियतकालिकातून विरोध केला. काचरू यांनी १९९१ मध्ये तेथेच त्यांचा प्रतिवाद केला.

या वादात शिकणाऱ्याचा कौल कोणत्या बाजूस पडतो? काचरू यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतीय विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना आदर्श इंग्रजी कोणती, असे विचारले होते. सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थ्यांनी ब्रिटिश इंग्रजीस प्रथम पसंती दिली. मात्र आपण स्वतः बोलतो ती इंग्रजी कोणती, या प्रश्नावर निम्म्याहून अधिकांनी ‘भारतीय इंग्रजी’ असे उत्तर दिले. जे बोलतो ते आदर्श नव्हे आणि जे आदर्श ते बोलत नाही, अशी ही दुभंगलेली स्थिती आहे.

हा कल ध्वनींच्या वा व्याकरणाच्या अंगभूत गुणावगुणांतून उद्भवत नाही, हे वॉलेस लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या माँट्रियल येथील प्रयोगातून (१९६०) सूचित होते. द्विभाषिक वक्त्यांनी एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचला. आवाज त्याच व्यक्तींचे आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. फ्रेंचभाषक श्रोत्यांनीही इंग्रजी वाचणाऱ्या आवाजांना अनेक गुणांच्या बाबतीत सरस ठरविले. व्यक्ती तीच, उतारा तोच. बदलली ती केवळ भाषा. अर्थात, येथे मूल्यमापन भाषेचे नव्हे, तर त्या भाषेमागील समाजाच्या प्रतिष्ठेचे झाले, आणि प्रतिष्ठेने वंचित असलेल्या समाजानेही तेच माप स्वीकारले. सिंगापूरमध्ये शासनाने २००० साली ‘चांगली इंग्रजी बोला’ ही चळवळ सुरू केली, तिलाही हीच पार्श्वभूमी आहे. तेथील घराघरांत आपुलकीने बोलली जाणारी सिंग्लिश व्यवहारात अडसर ठरेल, ही भीती त्यामागे होती. ही भीती निराधार म्हणता येत नाही. नोकरी देणाऱ्याच्या कानांतही तेच माप असते.

साहित्याच्या वाचनात हे माप नकळत शिरते. मुंबईच्या बेने इस्रायल समाजातील निसिम एझिकेल यांनी भारतीय इंग्रजीत मुद्दाम लिहिलेल्या कवितांत, जाणणे, समजणे अशा स्थितिवाचक क्रियापदांनाही चालू काळाचा प्रत्यय लागतो. वाचकाला हसू येते. परंतु ते निवेदकाच्या भाबडेपणाला की त्याच्या व्याकरणाला, हे ठरविणे सोपे नाही. नायजेरियाचे केन सारो-विवा यांनी ‘सोझाबॉय’ (१९८५) या कादंबरीच्या उपशीर्षकातच तिच्या इंग्रजीला ‘सडकी’ म्हटले. पिजिन, मोडकीतोडकी आणि मधूनच प्रमाण अशी ती मिश्र भाषा आहे. ती विनोदासाठी नव्हे, तर युद्धात ओढल्या गेलेल्या एका तरुण सैनिकाची गोंधळलेली जाणीव व्यक्त करण्यासाठी योजलेली आहे. एकाच प्रकारची ‘चूक’ एका कृतीत उपहासाचे, तर दुसऱ्या कृतीत करुणेचे साधन होते. म्हणून रूपाचा अर्थ व्याकरणात नव्हे, तर कृतीतील त्याच्या कार्यात शोधावा लागतो.

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न अपरिचित नाही. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाने प्रमाण मराठीच्या वाचकाला हाच प्रश्न विचारला होता. अशी कविता इंग्रजीत नेताना तो दुप्पट कठीण होतो, कारण अनुवादकाला कोणत्या इंग्रजीत न्यायचे हे आधी ठरवावे लागते. निर्दोष प्रमाण इंग्रजी स्वीकारल्यास मूळ भाषेतील सामाजिक अंतर पुसले जाते. लंडन वा न्यूयॉर्कमधील एखादी बोली स्वीकारल्यास कामाठीपुऱ्यावर परका समाज लादला जातो. भारतीय इंग्रजीच्या विविध स्तरांकडे साहित्यक्षम भाषा म्हणून पाहिल्यास तिसरा मार्ग संभवतो. मात्र ज्या अनुवादकाला स्वतःचीच इंग्रजी सदोष वाटते, त्याला हा मार्ग दिसणार नाही. त्यामुळे इंग्रजीच्या रूपांविषयी विद्यार्थ्यांचा काय ग्रह आहे, याची चिकित्सा भाषाशिक्षणाइतकीच तौलनिक साहित्याच्या वर्गातही व्हावयास हवी.